भातवाले आणि भाकरीवाले

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी बेळगावच्या वडगावात राहते. घरी चार यंत्रमाग आहेत, दोघे भाऊ मिळून चालवतात. कुटुंब एकत्र. मी थोरली, माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, जांबोटीकडचं. धाकट्या जावेचं माहेर अथणीकडचं. मला दोन्ही वेळेला भात लागतो, तिला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. बारा वर्षं आमचं यावरून कधी वाजलं नाही. गेल्या आषाढात सासूबाई गेल्या. त्यानंतर कधीतरी मी गमतीत म्हटलं, "तुम्हा भाकरीवाल्यांना चांगल्या तांदळाची काय किंमत!" ती काही बोलली नाही. पण तेव्हापासून रात्रीच्या भाकऱ्या ती वेगळ्या करते, आपल्या मुलांना आधी वाढून घेते. आमचे हे आणि भाऊजी नुसती मजा बघतात. पाटावर बसताना विचारतात, "आज कुणाचं राज्य?" ती माहेरी फोनवर कानडीत बोलते. पूर्वी माझं लक्षही जायचं नाही, आता वाटतं, माझ्याबद्दलच बोलत असणार. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी तिच्या सात वर्षांच्या मुलाला भात वाढायला गेले, तर त्यानं ताटावर हात आडवा धरला. म्हणाला, "मोठी आई, आम्ही भाकरीवाले." त्याला मीच अंगाखांद्यावर खेळवलंय. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. एवढ्याशा आवडीनिवडीवरून माणसं अशी का होतात? आणि मी आता काय करू?
— एक थोरली जाऊ

उत्तर :

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ताटावरच्या हातापाशी थांबले. सात वर्षांचं पोर. तुमच्याच हातचा मऊ वरणभात खाऊन ते एवढं झालंय. भाताचा त्याला कसला राग असणार? घरात एक 'आम्ही' तयार झालंय आणि मोठी आई त्यात धरलेली नाही, एवढंच त्यानं तुम्हाला सांगितलं.

हा 'आम्ही' जरा कान देऊन ऐका. हिंदीत 'हम' म्हटलं की भागतं, कानडीत 'नावु' म्हटलं की भागतं. मराठीला मात्र दोन शब्द लागतात. 'आपण जेवूया' म्हटलं की समोरचा पंगतीत आला. 'आम्ही जेवतो' म्हटलं की तो उंबऱ्याबाहेर राहिला. भाषेचे अभ्यासक सांगतात की हा भेद मराठीनं दक्षिणेकडच्या भाषांच्या सहवासात उचलला. तेलुगूत तो आजही आहे, आणि आपल्या रोजच्या शेजारातल्या कानडीतून मात्र तो गेला. मुलांना हे दोन शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. घरात जे चाललेलं असतं त्यावरून ती नेमका शब्द उचलतात. तुमचा पुतण्या "मला भाकरी पाहिजे" म्हणाला असता, तर तुम्ही त्याला भाकरी वाढली असती आणि रात्री निवांत झोपला असतात.

आवडीनिवडीवरून माणसं अशी का होतात, असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर आवडीवरून होतच नाहीत. माणसांमध्ये रेघ आधी पडते. मग त्या रेघेवर ठेवायला हाताशी जे सापडेल ते उचललं जातं. तुमच्या स्वयंपाकघरात भात आणि भाकरी हाताशी होती, दुसऱ्या घरात चहा सापडतो, तिसऱ्या घरात क्रिकेटचा संघ.

हेन्री ताजफेल नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता. पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना तो जर्मनांच्या कैदेत सापडला. आपण पोलंडचे ज्यू आहोत हे त्यानं तिथं कळू दिलं नाही म्हणून वाचला. सुटून आला तेव्हा त्याच्या घरातलं जवळपास कुणी उरलं नव्हतं. माणूस कुठल्या गटातला, एवढ्यावर त्याचं मरण ठरतं हे ज्यानं पाहिलं, तो पुढे आयुष्यभर हाच प्रश्न घेऊन बसला. १९७०च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला त्यानं चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कांडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली. कुठलं आवडलं ते विचारलं आणि नंतर प्रत्येकाला सांगितलं, तू क्लेवाल्यांत, तू कांडिन्स्कीवाल्यांत. खरं तर ही वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली होती. मुलांच्या आवडीशी तिचा काही संबंध नव्हता. आपल्या गटात आणखी कोण आहे हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मग एकेकट्याला बसवून, इतरांना थोडे थोडे पैसे कसे वाटायचे ते ठरवायला सांगितलं. समोर नावं नव्हती, फक्त क्रमांक आणि गट. स्वतःला त्यातला एक पैसा मिळणार नव्हता. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं.

इथपर्यंत आपण समजू शकतो. पण त्याहून विचित्र एक गोष्ट दिसली. आपल्या गटाला एकूण कमी मिळाले तरी चालतील, पण 'त्यांच्या'पेक्षा आपल्याला जास्त मिळायला हवेत, अशी वाटणी मुलं पुन्हा पुन्हा करत होती. पाच मिनिटांपूर्वी जो गट अस्तित्वातच नव्हता, त्याच्यासाठी. आता तुमच्या धाकट्या जावेकडे बघा. दिवसभर घरचं उरकून रात्री ती वेगळं पीठ मळते, वेगळा तवा ठेवते. कंबर तिचीच दुखते. एकत्र केलं तर दोघींचं काम हलकं होईल हे तिला कळत नसेल का? कळतं. तरी ती ते दुखणं पत्करते.

आणि ही रेघ पडली कधी? एक वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेला आहात. बारा वर्षं वाजलं नाही, आषाढात सासूबाई गेल्या, 'त्यानंतर कधीतरी'. सासूबाई होत्या तोवर घरात तांदूळ किती भरायचा, ज्वारी किती आणायची, सणाला काय करायचं, कुणाला आधी वाढायचं, याचा विचार तुम्हा दोघींना करावा लागला नाही. त्या गेल्या आणि त्यांच्या जागेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तुम्ही थोरल्या, तेव्हा तुम्हाला वाटलं की ती ओघानं आपल्याकडे आली. तिनंही बारा वर्षं त्याच सासूच्या हाताखाली काढली, तिला वाटलं असेल, आता दोघींचं चालेल. 'स्वयंपाकघर कुणाचं' हे तोंडानं विचारायची आपल्याकडे रीत नाही. भात की भाकरी, हे विचारता येतं.

तुमच्या त्या गमतीबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नका. त्याआधी ती भाकरी आवडणारी एक बाई होती. 'तुम्हा भाकरीवाल्यांना' म्हणून तुम्ही तिला तिच्या आईसकट, गावासकट एका बाजूला बसवलंत. पोराच्या तोंडचा शब्द त्या दिवशीचा आहे.

ताई, तुमच्या भाताला आणि तिच्या भाकरीला जबाबदार आहे तो पाऊस. तुमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तो सगळा सह्याद्रीचा पट्टा, पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तिथं भातच पिकणार. अथणीचा मुलूख पावसाच्या छायेतला. काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून ठेवायची आणि थंडीत त्या ओलीवर शाळू काढायचा. एकाच जिल्ह्याची ही दोन टोकं. तुमच्या पणजीनं काही भाताची निवड केली नव्हती, तिच्या पणजीनंही भाकरीची केली नव्हती. शिवारात आलं ते चुलीवर चढलं. आता कृष्णाकाठी ऊस उभा राहिला, रेशनचा तांदूळ घरोघर पोचला, तरी जीभ अजून त्या जुन्या पावसाचंच ऐकते.

एकदा तिच्या शेजारी उभं राहून तिला भाकरी करताना बघा. टीका करायला नको, नुसतं बघायला. पीठ जुनं होऊन विरी गेलेलं असलं की ती उकळतं पाणी घालते, तळहाताच्या बुडानं ते परातीत रगडते, कड फाटू न देता थापते, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवते आणि ते पाणी सुकतं न सुकतं तोच उलटते. क्षणभर उशीर झाला की भाकरीला भेगा पडतात, फुगत नाही. हे तिला तिच्या आईनं दिलंय. वडगावच्या त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काय आहे? माग नवऱ्याचे आणि दिराचे, घर सासऱ्यांचं, मान थोरल्या जावेचा. तुम्ही बोललात तांदळाबद्दल, पण लागलं ते तिथं.

मला हे इतक्या खात्रीनं का सांगता येतं, तेही सांगते. माझी थोरली बहीण गोकाकला दिली होती. दर दिवाळीत माहेरी येताना ती करदंट आणायची. डिंक तळून, गुळाच्या पाकात काजू, बदाम, खोबरं घालून केलेला. कानडीत त्या नावाचा अर्थच तळलेला डिंक असा. मी बेळगावात, माझ्या घरी कुंद्याचं, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईचं, कौतुक. एका दिवाळीला सगळे फराळाला बसलेले असताना मी म्हटलं, "अक्का, आमच्या कुंद्यापुढे तुमचा करदंट म्हणजे नुसते दातांचे हाल." सगळे हसले. अक्काही हसली. पुढच्या दिवाळीला तिनं केळी आणली, त्याच्या पुढच्याला सफरचंदं. मला वाटलं, करदंट महागला असेल. ती गेल्यावर तिच्या मुलीनं मला सांगितलं की अक्का शिवणाच्या पैशातून, घरात कुणाला न सांगता, वर्षभर थोडं थोडं बाजूला टाकून तो डबा घ्यायची. माहेरी न्यायला स्वतःच्या कमाईचं तेवढंच तिच्याकडे होतं. कुंदा काही माझ्या घराण्यानं शोधून काढला नव्हता, त्याला माझ्या कैवाराची गरजही नव्हती. आज कुणी करदंट पुढे केला तर मी हातात घेते, पण मला तो खाववत नाही.

हे जवळच्यांतच घडतं. सिग्मंड फ्रॉइडनं शंभर वर्षांपूर्वी टिपून ठेवलंय की शेजारीशेजारी राहणारे, बऱ्याच बाबतींत सारखे असलेले लोकच बारीकशा फरकावरून एकमेकांना टोचत राहतात. स्पॅनिश आणि पोर्तुगीज, इंग्रज आणि स्कॉटिश ही त्याची उदाहरणं. वडगावातली बाई बंगाल्याच्या माशावरून कधी भांडत नाही. करदंट गोकाकचा खरा की अमीनगडचा, यावर मात्र आपल्याकडे आवाज चढतो. चपलेचंच बघा ना. 'कोल्हापुरी' म्हणून जी जगभर जाते तिचे कितीतरी जोड अथणी आणि निपाणीकडच्या कारागिरांच्या हातचे असतात. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून, चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले, त्यात आपला बेळगाव. तरी दुकानात 'अस्सल कुठली' हा वाद संपत नाही.

आपण बेळगावात राहतो म्हणून आणखी एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून इथल्या मराठी माणसाच्या मनात जे सलतंय, त्याला मी आवडनिवड म्हणणार नाही. आपल्या भाषेतली शाळा, आपल्याला वाचता येईल असा जमिनीचा उतारा, पाटीवरची अक्षरं, हे हक्काचे प्रश्न आहेत. त्यासाठी ज्यांनी तारुण्य घातलं त्यांना 'उगाच वाद घालता' असं म्हणायची माझी छाती नाही. पण त्या मोठ्या भांडणाची सवय आपल्या बोलण्यात इतकी मुरलीय की जिथं भांडण नाही तिथंही आपण 'ते' शोधायला लागतो. जावेचं कानडी बारा वर्षं तुम्हाला खुपलं नाही. भाताभाकरीची रेघ पडली आणि ते आपोआप रेघेच्या पलीकडे गेलं. आईशी ती ज्या भाषेत बोलायला शिकली त्याच भाषेत ती आजही आईशी बोलते. कधी तुमच्याबद्दलही बोलत असेल. तुम्ही मला हे पत्र लिहिलंत, तसंच ते समजा.

आता काय करायचं ते. पुष्कळ जण तुम्हाला सांगतील, सगळ्यांना एका पंगतीत जेवायला बसवा, होईल सुरळीत. नुसत्या तेवढ्यानं होत नाही. १९५४ साली अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यात, मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी साधारण अकरा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. दोन गट पाडले, सामने लावले, आणि थोड्याच दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेली. मग त्यांना एकत्र सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं. जेवताना त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. वातावरण बदलायला लागलं ते पाणी बंद पडल्यावर आणि जेवण आणायला निघालेली गाडी अडकून बसल्यावर. दोन्ही अडचणी मोठ्यांनीच घडवून आणलेल्या होत्या. ज्या दोराने मुलं एकमेकांविरुद्ध रस्सीखेच खेळली होती, तोच दोर गाडीला बांधून सगळ्यांनी मिळून ती ओढली. आणि मला त्याहून मोलाची वाटते ती त्याआधीच्या वर्षीची गोष्ट. १९५३मध्ये शेरीफ यांचा न्यूयॉर्क राज्यातला प्रयत्न फसला होता. तिथल्या मुलांची गट पाडायच्या आधीच दोस्ती झालेली होती, मग काही केल्या ती एकमेकांवर उठेनात. तुमच्या घरातली मुलं तर पाळण्यापासून एकत्र आहेत.

म्हणून मुलांपासून सुरुवात करू नका. आधी जावेकडे जा. जेवणाची वेळ सोडून, दोघीच असताना. म्हणा, "त्या दिवशी मी भाकरीवाले म्हटलं, ते माझं चुकलं." आणि तिथंच थांबा. पुढे 'पण' जोडू नका, गमतीत म्हटलं होतं हे सांगू नका. ती गप्प राहिली तर राहू द्या, लगेच रडून तिच्यावर समजूत काढायची पाळी आणू नका. दोन-चार दिवसांनी सासूबाईंच्या जागेचा विषय तुम्हीच काढा. थोरल्या तुम्ही आहात, तिला तो काढता येणार नाही. महिन्याचं धान्य भरणं, सणाचा बेत, यातलं काहीतरी एक पूर्ण तिच्याकडे द्या, आणि दिल्यावर मागून डब्यात डोकावू नका. मला वाटतं, धान्यच द्यावं.

तुमच्या यजमानांशी मात्र जरा कडक बोला, एकांतात. 'आज कुणाचं राज्य' हे पाटावरून उच्चारायचं बंद. कुस्तीच्या मैदानात शिट्ट्या मारणारे असले की जोडीला हात आखडता घेता येत नाही. शिवाय वडील आणि काका ज्याला खेळ म्हणतात, त्यात पोरं भाग घेणारच.

पुतण्याला काही समजावायला जाऊ नका. भात खाण्याचा आग्रह नको, 'मोठी आई रुसली' हेही नको. पुन्हा "आम्ही भाकरीवाले" म्हणाला तर भाकरी वाढा आणि त्याच्या ताटातला एक तुकडा मागून घ्या. देईल.

आणि आता उन्हं तापायला लागलीत, वाळवणाचे दिवस आले. यंदा कुरडया घाला. सासूबाईंच्या मागे तुमच्या घरात यंदा त्या होणार की नाही, हे कुणी ठरवलेलं नसेल. कुरडयांना तुमचा तांदूळ लागत नाही, तिची ज्वारीही लागत नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून त्याचा चीक काढायचा. तो चीक शिजवणं एकटीचं काम नाही हे तुम्हाला माहीत आहे. एकीनं आधणात धार धरायची, दुसरीनं हाटायचं, हात क्षणभर थांबला की गुठळ्या. चीक गरम आहे तोवर सोऱ्यातून घालायच्या, आणि दुपारनंतर वळीव कधी अंगावर येईल त्याचा नेम नाही, तेव्हा गच्चीवरून गोळा करायला घरातली सगळी पोरं लागणार. हाटायला तुम्ही बसा, धार तिला धरू द्या. पहिली वाटी चीक, वर तुपाची धार सोडून, त्या पोराला गच्चीवर पाठवा. कावळे हाकायला काठी घेऊन त्यालाच बसवा.